विदाच्या टीमला अडथळे नव्हते

विदोसावा स्तानोयेविच बोलायला लागली की सर्बियातल्या निश शहराच्या बसस्टँडवरची कबुतरं उडायची, असं लोक चेष्टेनं म्हणत. अगदीच खोटं नव्हतं ते. उमेदीची सगळी वर्षं तिनं तिथल्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. लेस्कोवात्सची गाडी तिसऱ्या फलाटावर लागली आहे, पिरोतची उशिरा येत आहे, आणि प्रोकुप्ल्येच्या गाडीचा ड्रायव्हर जिथं कुठं कॉफी पीत बसला असेल तिथून त्यानं मुकाट्यानं उठून यावं. मग एके दिवशी पुकारायला यंत्रातला आवाज आला. तो गोड होता आणि पगार मागत नव्हता. विदा ऐन पन्नाशीला घरी बसली.

घरी बसणं तिच्या पिंडातच नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न करून नोवी सादला. बोलायचं कुणाशी, तर भिंतीशी. रोजगार कार्यालयानं संगणकाचा काहीतरी कोर्स काढला तेव्हा टायपिंग असेल म्हणून तिनं नाव घातलं. निघालं भलतंच. सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमला सांभाळणारी माणसं तिथं तयार करत होते. वर्गातली पोरं तिच्या मुलीहून लहान. पण शिकवणारा म्हणाला, वर्षभर मोठमोठे बेत करत बसू नका, दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं-बोलतं गिऱ्हाइकाच्या हातात द्या, तशी विदानं मान डोलावली. गाडी रोज सुटायला हवी, हे तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

अशी ती निशावा नदीकाठच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर स्क्रम मास्टर म्हणून रुजू झाली. नाव भारदस्त, अधिकार शून्य. स्क्रम मास्टर साहेब नसतो. तो कुणाला काम सांगत नाही, कुणाचं काम करत नाही, कुणाचा पगार वाढवत नाही. टीमच्या वाटेत काही आडवं आलं की ते उचलून बाजूला करायचं, आणि टीम आपापसात मोकळेपणानं बोलते आहे ना ते बघायचं, एवढंच त्याचं काम. टीम सात जणांची होती आणि नॉर्वेतल्या एका कंपनीसाठी बोटींच्या तिकिटांची व्यवस्था लिहीत होती. समुद्र त्यांच्यापैकी निम्म्यांनी नीट पाहिलेलासुद्धा नव्हता.

रोज सकाळी सगळे कामांची कार्डं लावलेल्या बोर्डासमोर उभे राहायचे. बसायचं नाही, म्हणजे बैठक लांबत नाही. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि अडथळा आहे का. पहिल्याच आठवड्यात मिल्याननं, म्हणजे टीममधल्या वात्रट पोरानं, यावर शेरा मारला होता.

"अमेरिकेतल्या लोकांनी उभं राहण्याचा शोध लावला म्हणे! आमच्याकडं संताच्या दिवशी बाप पहाटेपासून उभाच असतो. त्याला कुणी मास्टर म्हणत नाही."

विदाला ते मनापासून पटलं, आणि खरी गडबड तिथूनच सुरू झाली. सर्बियात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या सणाच्या दिवशी यजमान बसत नाही. आमंत्रण कुणाला नसतं, दार उघडं असतं, येईल त्याला वाढायचं, रिकामी बशी दिसली की लाजायचं. विदानं स्क्रम मास्टरकी अशीच केली. दर दुसऱ्या शुक्रवारी रेट्रो असायचा. झालेल्या दोन आठवड्यांकडं मागं वळून बघायचं, काय चुकलं ते एकमेकांच्या तोंडावर बोलायचं, अशी ती बैठक. विदा तिथं गिबानित्सा घेऊन हजर. पातळ पापुद्र्यांत चीज आणि अंडी घालून भाजलेली, कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत. सोबत दही. कुणी घसा खाकरला की दुसरा तुकडा बशीत. कुणी क्षणभर गप्प बसलं की विदाचा बसस्टँडवरचा एखादा किस्सा. आणि शेवटी हात पुसत ती विचारायची, "काय मुलांनो, काही कमी नाही ना?"

"काही नाही, मावशी. सगळं झकास."

सकाळच्या बैठकीतही तेच. अडथळा नाही. अडथळा नाही. अडथळा नाही. वर्षभरात टीमनं एक अडथळा तिच्यापर्यंत येऊ दिला नव्हता. कोणतं काम किती पॉइंटांचं याचा अंदाज बांधताना सगळे एकदम आकड्यांचे पत्ते उलटे करायचे, तर सातही पत्त्यांवर एकच आकडा. दुसऱ्या टीममध्ये या आकड्यांवरून हमरीतुमरी व्हायची. विदाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कंपनीचा संचालक रांको जिन्यात भेटला की ती ऐकवायचीच, "रांको, माझ्या टीमला अडथळे नसतात. येऊन शिका म्हणावं बाकीच्यांना."

सप्टेंबर संपत आला होता. शहरभर अंगणांत हिवाळ्याच्या चटणीसाठी तांबड्या ढोबळ्या मिरच्या भाजल्या जात होत्या आणि तो वास चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. रांकोनं विदाला आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. रांको दार लावत नसे.

"विदाताई, नवीन वर्षापासून नॉर्वेवाले सहाच जणांचे पैसे देणार आहेत. एकाला कमी करावं लागेल. कुणाला, ते तुम्ही सांगा."

"मी? मी कोण सांगणारी?"

"रोज सकाळी तुम्हीच असता त्यांच्यात. कोण किती पॉइंट उरकतं ते सांगा, बाकी मी बघतो."

"पॉइंट टीमचे असतात. एकेकट्याचे मोजायचे नसतात. मोजले की माणसं एकमेकांचा हात सोडतात."

"हे कोर्समध्ये शिकवतात. मला पुढच्या सोमवारपर्यंत नाव लागेल. तुम्ही नाही दिलंत तर मी काढेन, आणि मी चुकीचं काढेन. मला काय ठाऊक तिथं काय चालतं?"

सातांतला प्रत्येक जण तिच्या हातचं खाल्लेला. तरीही, इतकी सुरळीत चाललेली टीम बघितल्यावर रांकोचा हात ती तोडायला धजणार नाही, अशी एक वेडी आशा तिला होतीच. ती आशा बुधवारपर्यंत टिकली.

बुधवारी ती ऑफिसात लवकर आली. कुणाच्या तरी वाढदिवसासाठी आणलेलं खाणं गरम करायला तिला तिथला ओव्हन हवा होता. स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचली तर आतून येलाचा आवाज. येलिसावेता टीममधली सगळ्यात हुशार मुलगी, घरी दोन वर्षांची पोर. आणि समोर वेलिमिर, टीममधला सगळ्यात वयस्कर, साठीला टेकलेला, नदीकाठच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला जुना इंजिनियर. विदाला नुसत्या नावानं हाक मारणारा इथं तो एकटाच.

"काका, पुन्हा म्हणा. काल परतीच्या तिकिटाचं कार्ड संपवलं."

"काल परतीच्या तिकिटाचं कार्ड संपवलं. आज रद्द तिकिटाचं."

"नाही, रद्दचं नाही! ते मी करतेय. ते तुमच्या नावावर शुक्रवारी लावू. आज गटाच्या सवलतीचं सुरू करतोय म्हणा."

"गटाची सवलत. आणि अडथळा नाही."

"ते बरोबर म्हणालात."

विदा ट्रे घेऊन तशीच मागं सरली. तासाभरानं बोर्डासमोर वेलिमिरनं ते अक्षर न् अक्षर म्हटलं आणि म्हणून झाल्यावर हळूच येलाकडं पाहिलं. मिल्यान बुटांकडं बघत होता. बाकीचे बोर्डाकडं. सगळ्यांना माहीत होतं. विदाचे कान तापले. माझ्या नाकासमोर, तिला वाटलं, माझ्या नाकासमोर यांनी वर्षभर नाटक केलं, आणि मी टाळ्या वाजवत बसले.

दुपारी येला मागच्या लोखंडी जिन्यावर सिगारेट ओढायला गेली, तिथं विदानं तिला गाठलं.

"मावशी, तुम्ही सोडली होती ना?"

"धूर खायला आलेय. किती दिवस चाललंय हे?"

येलानं काय चाललंय असं विचारलं नाही. तेवढा मान तिनं ठेवला. "वर्ष होत आलं. जुनं सगळं काकांना हातखंडा यायचं. नॉर्वेवाल्यांनी सगळी पद्धतच बदलली, तेव्हापासून त्यांना झेपत नाही. घरी बसून शिकतात, सकाळी येऊन विसरतात. मग आम्ही थोडं थोडं वाटून घेतलं. अंदाज बांधताना प्रत्येक कामाला थोडा जास्त आकडा लावायचा, म्हणजे त्यांच्यापुरती जागा होते. आधीच खुणेनं ठरवतो."

"आणि त्यातलं जास्तीचं कोण करतं?"

येलानं सिगारेटची राख झटकली.

"मला का नाही सांगितलंत कुणी?"

"कसं सांगणार, मावशी? तुम्ही गिबानित्सा घेऊन उभ्या. बशी रिकामी झाली की दुसरा तुकडा. आणि मग विचारता, काही कमी नाही ना? त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. तुमच्या घरी जेवायला आलेलं कुणी म्हणेल का, मीठ जास्त पडलंय म्हणून?"

"मी म्हणेन!"

"तुम्ही म्हणाल. आम्हाला आयांनी तसं वाढवलं नाही."

विदा घरी आली ती धुमसतच. आल्या आल्या पीठ काढलं, कारण राग आला की ती पीठच मळायची. अर्ध्यावर हात थांबला. ही पोरं खोटारडी नव्हती. त्यांनी तिचा मान राखला होता, आणि त्या मानापायी एक म्हातारा वर्षभर रोज सकाळी पाठ केलेलं बोलत उभा होता, आणि एक लेकुरवाळी पोरगी दोघांचं काम ओढत होती. अडथळा उचलून बाजूला करायला जिला ठेवलं होतं, तीच वाटेत ट्रे घेऊन उभी होती. विदाला लाज वाटली. स्टँडवरची नोकरी गेली तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं, कारण तेव्हा चूक तिची नव्हती.

आणि आता तिच्याकडं नाव होतं. रांकोला हवं होतं ते नाव तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि ते गिळताही येईना, थुंकताही येईना. गुरुवारी सकाळी ती तडक त्याच्या खोलीत गेली.

"लिहून घे. सातवं नाव माझं."

रांको आधी समजलाच नाही. मग हसला, पण कुत्सितपणे नव्हे. "विदाताई, तुम्ही सातांत कुठं आहात? तुमचा पगार मी वेगळा देतो. तुम्हाला काढलं तर नॉर्वेचा एक पैसा वाचत नाही."

इतक्या धीरानं उचललेलं पाऊल असं हवेतच राहिलं. हुतात्मा होण्याचीसुद्धा सोय नव्हती.

शुक्रवारच्या रेट्रोला ती रिकाम्या हातानं आली. सगळ्यांच्या नजरा आधी टेबलावर गेल्या, मग तिच्या हातांवर.

"मावशी, ओव्हन बिघडला?" मिल्याननं विचारलं.

"ओव्हन ठणठणीत आहे. आज मी वाढणार नाही." विदानं खुर्ची ओढली आणि बसली. ती बसलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. "दर वेळी मी तुम्हाला विचारते. आज माझं ऐका. मला अडथळा आहे. नवीन वर्षापासून सहाच जणांचे पैसे येणार आहेत. सोमवारी माझ्याकडून एक नाव हवंय. मी देणार नाही, पण मी दिलं नाही तर रांको स्वतः देईल. मला मार्ग सुचत नाही. आणि तुम्ही सकाळी स्वयंपाकघरात काय पाठ करता, ते मला बुधवारी कळलंय."

खालून मिरच्यांचा वास येत होता, नदीपलीकडं कुणीतरी ट्रॅक्टर चालू करायचा प्रयत्न करत होतं. विदाच्या घशाशी तीन किस्से आले आणि तिन्ही तिनं परत ढकलले. एवढं कठीण काम तिनं जन्मात केलं नव्हतं. बोटं टेबलाखाली एकमेकांत अडकवून ती खिडकीबाहेर बघत बसली.

"नाव शोधायला नको, विदा," वेलिमिर म्हणाला. "वेलिमिर लिहून टाक."

एकदम गलका झाला. असं काही नाही, काका. सगळे मिळून पगारातलं थोडं थोडं सोडू, मिल्यान म्हणाला, प्रत्येकानं थोडं सोडलं की सातवा पगार निघतो.

"मला वर्गणी नको!" वेलिमिरनं टेबलावर हात आपटला. "देवळासमोर बसलोय का मी? विदा, ती तुझी मुठीची पद्धत काढ. त्यानंच ठरू दे. वेलिमिरनं जावं. चल."

ती पद्धत विदानंच टीमला शिकवली होती. प्रस्ताव मांडायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी हात वर करायचे. उघडा पंजा म्हणजे पूर्ण मान्य, मूठ म्हणजे साफ अमान्य. एक जरी मूठ दिसली तरी प्रस्ताव तिथंच थांबतो. विदानं होकारार्थी मान हलवली. हात वर गेले. वेलिमिरचा पंजा सताड उघडा. मिल्यानची मूठ, त्याच्या शेजारची मूठ, पलीकडं तीन मुठी घट्ट. आणि येलाचा हात.

येलाचा पंजा उघडा होता.

तिनं तो खाली घेतला नाही. "मी दमलेय, काका," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "माझी पोर मला विचारते, आई, तू कधी खेळणार. मी तुमची कार्डं उरकत असते. तुम्ही जावं असं नाही वाटत मला. पण आता मला होत नाही."

मिल्याननं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं कुणाला जिन्यावरून ढकललं. वेलिमिरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. विदाला वाटलं, हेच का मी मागितलं होतं? उठून दोघांच्या मध्ये उभं राहावं, काहीतरी सारवासारव करावी, पाणी तरी आणावं. ती जागची हलली नाही.

"पोरी," वेलिमिर म्हणाला, "हे तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

वेलिमिर ओशाळं हसला. "खरं आहे. मला वसंतातच बोलायचं होतं. दुसऱ्या टीमला तपासणीला माणूस हवा होता तेव्हा. कुणी लिहिलेलं घ्यायचं, तिकीट काढून बघायचं, मोडतंय कुठं ते शोधायचं. ते मला जमेल, आवडेलही. कारखान्यात मी तेच करत होतो की! पण त्याच दिवशी जिन्यात तू रांकोला सांगत होतीस विदा, की माझ्या टीमला अडथळे नसतात. इतकी आनंदात होतीस. म्हटलं, कशाला हिचा विरस करा. पुढच्या महिन्यात बोलू. मग ती जागा भरली."

हे विदाला बसलं ते खोल बसलं. तिच्या तोंडून एवढंच आलं, "माझ्या आनंदासाठी?"

"तुझा आनंद दिसतो फार दुरून," वेलिमिर म्हणाला. मिल्यान खुदकन हसला आणि मग सगळ्यांनाच थोडा श्वास घेता आला.

येलानं डोळे पुसले. "काका तपासणी करणार असतील तर माझी मूठ," ती म्हणाली आणि तिनं हात मिटला.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते विदानं वर्षभरात ऐकलं नव्हतं. ते भांडले. खुणा न करता, प्रत्येक कामाला खरा आकडा लावून बघितला, तर दोन पत्ते कधी जुळले नाहीत. मिल्यान येलाला टाकून बोलला आणि पाच मिनिटांत त्यानं माफी मागितली. तपासणी मागं पडल्यामुळं दर दोन आठवड्यांना किती काम परत येतं, ते कुणीतरी फळ्यावर मांडलं. निघताना त्यांच्याकडं नाव नव्हतं. सहा जण लिहिणारे आणि एक तपासणारा कमी पगारावर, असा बेत होता, आणि गेल्या वर्षाचे आकडे फुगवलेले होते ही कबुलीही त्यात होती. ती कबुली नॉर्वेच्या कंपनीतर्फे हे काम बघणाऱ्या बाईंसमोर टीमनं स्वतः द्यायची ठरली. रांकोनं डोक्याला हात लावला, पण सोमवारी नाव मागितलं नाही.

पडद्यावरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खोटे आकडे का दिलेत, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा येलानं एकच उत्तर दिलं, की आम्हाला आमच्यातल्या कुणाला उघडं पाडायचं नव्हतं, आणि ते चुकलं. बाई रागावल्या नाहीत, खूशही झाल्या नाहीत. कळवते म्हणाल्या.

उत्तर आठवड्यानं आलं. रांकोनं विदाला सांगितलं आणि वेलिमिरला सांगायचं तिच्यावर सोपवलं. संध्याकाळी दोघं बरोबरच खाली उतरले आणि नदीच्या कडेनं चालू लागले. विदाच्या जिभेवर "सगळं ठीक होईल" तयार होतं, अगदी तापवून वाढायला घेतल्यासारखं. तिनं ते आतच ठेवलं.

"मार्चअखेरपर्यंत सातांचे पैसे देतायत. तू तपासणीवर. त्यानंतर परत बघणार."

"आणि मार्चनंतर?"

"माहीत नाही, वेलिमिर. मी वचन देत नाही."

एका अंगणात मिरच्या सोलत बसलेल्या बायकांनी त्यांना हात केला, त्यानंही केला.

"झागोर्का रोज जेवताना विचारते, काम कसं चाललंय," तो म्हणाला. "वर्षभर सांगतोय, छान. ती शेजाऱ्यांना सांगते, माझ्या नवऱ्याला या वयातही मागणी आहे. रोज तो घास गिळणं काय असतं तुला सांगतो. आता निदान सांगण्यासारखं काहीतरी खरं आहे. मार्चपर्यंत. हे सांगता येईल."

"आज सांगणार?"

"आजच. नाहीतर परत धीर व्हायचा नाही." तो थांबला. "भयंकर चिडेल ती. नोकरीवरून नाही. वर्षभर लपवलं म्हणून."

"चिडू दे की."

"तू ओळखत नाहीस तिला."

"चिडू दे," विदा म्हणाली. "बायको आहे ती तुझी, पाहुणी नाही."

वेलिमिरनं तिच्याकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि घराच्या दिशेनं पूल चढू लागला.